बुधवारच्या बैठकीत शिरलेला खून

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. होऊन गेलेल्या साहित्यिकांना पात्रं करून रहस्यकथा लिहायचं तू मनावर घेतलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. ‘त्यांच्या नावावर किती रचावं?’ असं विचारलंयस. त्यासाठी मॅथ्यू पर्लची ‘द दान्ते क्लब’ वाचच. २००३ ची कादंबरी. पर्ल हार्वर्डला साहित्य शिकलेला, आणि इटालियन महाकवी दान्तेवरच्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या दान्ते सोसायटीचं पारितोषिक त्याला त्याआधीच मिळालेलं.

आधी खरं काय घडलं ते ऐक. जुलै १८६१ मध्ये कवी लाँगफेलोच्या बायकोच्या, फॅनीच्या, कपड्यांनी पेट घेतला. विझवता विझवता तोही भाजला. ती वाचली नाही. त्यानंतर स्वतःच्या कवितेपेक्षा दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्याच्या भाषांतरात त्याने जीव गुंतवला. पुढे बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या त्याच्या घरी बुधवारी संध्याकाळी मित्र जमू लागले. तो प्रुफांवरून एक सर्ग वाचायचा, बाकीचे समोर मूळ इटालियन उघडून बसायचे. शंका आली की थांबायचं, वाद घालायचा, आणि मग जेवायला उठायचं. कवी लोवेल, प्रकाशक फील्ड्स, अधूनमधून डॉ. ऑलिव्हर वेंडेल होम्स. १८६७ मध्ये भाषांतर तीन खंडांत निघालं.

पर्लने याच बैठकीत खून आणून सोडला. १८६५ चं बॉस्टन. सरन्यायाधीशाचं प्रेत सापडतं, त्याला अळ्यांनी पोखरलेलं. मग एक धर्मगुरू, खड्ड्यात उलटा पुरलेला, तळपाय जळालेले. पोलिसांना काही उमगत नाही, आणि उमगणार तरी कसं? दान्तेच्या काव्यातल्या नरकाच्या खंडात, तिसऱ्या सर्गात, नरकाच्या उंबऱ्यावरच, आयुष्यभर कुठलीच बाजू न घेतलेल्यांना गांधीलमाश्या डसतात आणि ओघळणारं रक्त पायाशी किडे पितात. एकोणिसाव्यात धर्माचा बाजार मांडणारे डोकं खाली, पाय वर, तळव्यांना आग असे रोवलेले असतात. कादंबरीतल्या बॉस्टनमध्ये हे ओळखतील अशी माणसं म्हणजे ही बुधवारची मंडळी. बोलावं तर संशय त्यांच्यावरच येणार आणि भाषांतर जन्माआधीच बदनाम होणार. गप्प राहावं तर पुढचा सर्ग कुणाच्या तरी अंगावर लिहिला जाणार.

विनायक, मला पर्ल आवडतो तो इथे. कवींना त्याने नुसते टोप्या घालून गुप्तहेर केलेलं नाही. एकेका ओळीवर तासभर अडून बसण्याची भाषांतरकाराची सवय, तीच इथे तपासाची रीत होते. होम्सचंही तसंच. तो खरोखरच शरीररचनेचा प्राध्यापक होता. बाळंतिणींचा जीव घेणारा ताप डॉक्टरांच्याच हातांनी पसरतो, हे त्याने १८४३ मध्ये लिहिलं आणि नामांकित डॉक्टरांचा रोष ओढवून घेतला. शिवाय १८४९ मध्ये हार्वर्डच्याच वैद्यक महाविद्यालयात प्राध्यापक वेबस्टरने डॉ. पार्कमनचा खून केला, त्या खटल्यात होम्सची साक्ष झाली होती. असा माणूस प्रेतापाशी वाकला, तर वाचकाला पटवून द्यावं लागत नाही.

आता तुझा प्रश्न. पर्लचा पोलीस निकोलस रे कल्पित आहे, दान्तेला हार्वर्डबाहेर ठेवू पाहणारा मॅनिंगही कल्पित. खऱ्या माणसांच्या वाट्याला त्याने भीती, मत्सर, दुःख दिलं, आणि तेही त्यांच्या आयुष्यात मुळात होतं त्याच्याच जवळपासचं. मला ही वाट सभ्य वाटते. जिथे कागद मुके आहेत तिथे बेधडक रच. पण गुन्हा त्यांच्या लेखनातूनच उगवू दे. लेखकाचं नाव काढून दुसरं घातलं तरी कथा चालत असेल, तर ती टाकून दे.

पर्लचीच ‘द पो शॅडो’ (२००६) मला जड गेली. ऑक्टोबर १८४९ मध्ये अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो बाल्टिमोरमध्ये अंगाला न बसणाऱ्या कपड्यांत, भान हरपलेला सापडला आणि चार दिवसांत गेला. कारण आजही पक्कं नाही. विषय केवढा मोठा! पण तिथे कागदपत्रांनी कथेचा श्वास कोंडतो. ‘द लास्ट डिकन्स’ (२००९) त्याहून सरस. जून १८७० मध्ये डिकन्स वारला तेव्हा शेवटच्या कादंबरीचे बारांपैकी सहाच भाग हातात होते. अमेरिकेत तेव्हा परदेशी लेखकाला कॉपीराइट कायद्याचं संरक्षण नव्हतं, मजकूर हाती लागेल तो छापून मोकळा; ते संरक्षण १८९१ मध्ये आलं. त्यामुळे उरलेल्या भागांचा माग काढायला प्रकाशकच निघतो, हे पटतं. पर्लच्या या कादंबरीचा काही भाग बंगालमध्ये घडतो. डिकन्सचा मुलगा फ्रँक तिथे खरोखरच पोलिसात होता.

‘दान्ते क्लब’ची माझी प्रत कुरिअरने पाठवतोय. समासात पेन्सिलने बरंच लिहिलंय, ते पुसू नकोस. खुनी कोण हे मुद्दाम सांगितलेलं नाही. पण अमेरिकेच्या यादवी युद्धातून परतलेल्या सैनिकांचे प्रसंग घाईने उलटू नकोस. आणि तुझं पहिलं प्रकरण कच्चं असलं तरी धाडून दे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर