सीटला तेल पाजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात गाडीच्या सीटवर पांढरी बुरशी दिसू लागली की घरगुती उपायांना ऊत येतो. व्हॉट्सॲपवर येतात, पुरवण्यांतल्या चौकटींतही छापले जातात: खोबरेल तेल चोळा, खाण्याचा सोडा भुरभुरा, डागावर टूथपेस्ट घासा. गाड्यांच्या आतल्या सफाईचे काम करणाऱ्यांकडे या उपायांनी बिघडलेल्या सीटा नेहमी येतात. गणपतीत गाड्या पुन्हा रस्त्यावर येतील, त्याआधी काही गोष्टी नोंदवाव्यात म्हणून हे पत्र.

कोल्हापुरी वहाणेला तेल मानवते, कारण तिचे कातडे हिरडा-बाभळीच्या सालीने कमावलेले आणि वरून उघडे असते. गाडीच्या सीटचे चामडे अनेकदा क्रोमच्या क्षारांनी कमावतात, त्यावर रंगाचा थर देतात आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. आपला हात लागतो तो या थराला, चामड्याला नाही. तेल त्यातून आत मुरत नाही. ते वर राहून धूळ धरते, शिवणीत उतरून दोरा काळा करते आणि दमट हवेत बुरशीचे खाद्य होते.

आणि सीट चामड्याची आहे हे तरी कुठे नक्की असते? पुष्कळ गाड्यांत ते लेदरेट असते, म्हणजे विणलेल्या कापडावर पीव्हीसी किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर. अस्सल चामडे असले तरी अनेकदा फक्त बसण्याच्या आणि टेकण्याच्या जागी. कडा आणि मागची बाजू लेदरेटचीच. सीटखाली जिथे आवरणाची कड दुमडून अडकवलेली असते तिथे टॉर्च मारून पाहा. आतली बाजू तंतुमय, मखमलीसारखी दिसली तर चामडे, कापडाची वीण दिसली तर लेदरेट. लेदरेटवर चामडे मऊ ठेवण्याचे महागडे कंडिशनर चोळणे हा शुद्ध अपव्यय आहे. पीव्हीसी उन्हात कडक होऊन तडकते, कारण त्याला मऊ ठेवणारे द्रव्य उडून जाते. पीयूचे पापुद्रे निघतात ते दमट हवेने त्याची रासायनिक जोडणी तुटते म्हणून. बाटलीतले कंडिशनर यातले काहीच उलटवत नाही.

सफाई करायची ती अशी. आधी व्हॅक्यूम, मऊ ब्रशच्या तोंडाने, आणि शिवणीची रेघ बोटांनी उघडून. कण राहिले तर पुढचे घासणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणे. मग सौम्य, पीएच साधारण 5 ते 7 असलेला क्लीनर. तो हाताशी नसेल तर अर्धा लिटर पाण्यात लहान मुलांचा शाम्पू एक चमचा. द्रावण सीटवर फवारू नका, ब्रशवर घ्या. हवा खेळती ठेवणाऱ्या भोकाभोकांच्या सीटला हे विशेष लागू, कारण फवारा भोकांतून खालच्या फोममध्ये आणि पंख्यापर्यंत जातो. एका वेळी फूटभर लांबी-रुंदीचा भाग घ्या, मऊ ब्रश गोलाकार फिरवा, फेस मळकट झाला की पिळलेल्या मायक्रोफायबरने लगेच टिपा. फेस सुकू दिला तर मळ परत तिथेच बसतो. एका सीटला 25-30 मिली द्रावण पुरते. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उंच कड सर्वात आधी झिजते, कारण दर चढ-उतारीला तिथे पँट घासते; तिथे जोर नको, दोन हलके हात द्या. सीट स्वच्छ झाली की तिचा तेलकट तुकतुकीतपणा जातो आणि ती मॅट दिसते. पुष्कळांना तेव्हा वाटते की चमक घालवली; ती चमक घामाची आणि मळाची होती. पूर्ण सुकल्यावर पाणीआधारित प्रोटेक्टरचे दोन पातळ थर द्या. जीन्सचा निळा रंग मग सीटऐवजी त्या थराला लागतो. फिक्या सीटांना दर तीन महिन्यांनी हे करावे, काळ्यांना सहा महिन्यांनीही चालते.

सोडा आणि कपड्यांचा साबण अल्कधर्मी, चामडे स्वतः आम्लधर्मी. पुन्हा पुन्हा वापरले की वरचा थर निस्तेज होतो आणि पुढे भेगा पडतात. टूथपेस्ट आणि डाग खोडणारे पांढरे स्पंज हे मुळात बारीक घासणी आहेत. डागाबरोबर रंगही जातो. बॉलपेनच्या रेघेवर नेलपॉलिश रिमूव्हर लावणाऱ्याला तर पुढे रंगकाम करणाराच शोधावा लागतो. हँडसॅनिटायझर ओल्या हाताने स्टिअरिंगला लागणे हेही त्यातलेच.

आता बुरशी. ती पुसून भागत नाही, ओलावा कुठून येतो ते शोधावे लागते. एसी दहा-पंधरा मिनिटे चालवून गाडी उभी केली की पावसाळी हवेत खाली पाणी ठिबकले पाहिजे. ठिबकत नसेल तर निचऱ्याची नळी बहुधा तुंबलेली आहे आणि ते पाणी बहुधा पुढच्या डाव्या सीटवरच्या माणसाच्या पायाशी उतरते. समोरच्या काचेच्या पायथ्याच्या जाळीत साठलेली पाने काढा, सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या तपासून घ्या. सध्या सर्रास बसवतात त्या सेव्हन-डी मॅट, म्हणजे पायाखालचा सगळा तळ झाकणाऱ्या जाड मॅट, मूळ कार्पेटवर घट्ट बसतात. वरून कोरड्या, खाली फोम आठवडेच्या आठवडे ओला. कोपरा उचलून हात घालून पाहा. गंध येत असेल तर मॅट काढून कार्पेट उचलून सुकवण्याला पर्याय नाही. सुगंधी डबी लावून प्रश्न सुटत नाही.

सीटवरची बुरशी काढताना गाडी मोकळ्या जागी, चारही दारे उघडी, तोंडाला मास्क. कोरडा ब्रश मारू नका, बीजाणू गाडीभर उडतात. जेमतेम दमट फडक्याने टिपा आणि दर वेळी फडक्याची नवी घडी घ्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी सम प्रमाणात मिसळून फडक्यावर घ्या, आधी सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून रंग उतरत नाही ना ते पाहा आणि एकच हात फिरवा. त्यानंतर वर सांगितलेली सफाई, आणि टेबलफॅन लावून तीन-चार तास वाळवणे. हेअर ड्रायर नको, ओले चामडे उष्णतेने आक्रसते. सीटबेल्ट पूर्ण ओढून चिमटा लावा, शाम्पूच्या पाण्याने धुवा, सुकेपर्यंत आत जाऊ देऊ नका. ब्लीच मुळीच नको, पट्ट्याची ताकद कमी होते. एसीचा फिल्टर त्याच दिवशी बदला. रोज गाडी उभी करण्यापूर्वी तीन-चार मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तर एसीची आतली थंड कॉइल सुकते आणि तो कुबट वास बराचसा टळतो. ओलावा शोषणारे पांढऱ्या खड्यांचे डबे मात्र गाडीत ठेवू नका. ते कॅल्शियम क्लोराइड असते. डबा कलंडला की खारे पाणी चामडे आखडवते आणि सीटची रूळपट्टी गंजवते. सिलिका जेलच्या पिशव्या बऱ्या.

विसर्जनाला गाडी नेणार असाल तर सीटांवर जुन्या सुती चादरी टाका, काचा बंद आणि हवा आतल्या आत फिरती ठेवा. तरी गुलाल येणारच. तो आधी कोरडाच व्हॅक्यूमने ओढा, तोंड सीटला न टेकवता. ओले फडके फिरवले की रंग भोकांत आणि शिवणीत पक्का बसतो. हवेचा झोत मारला तर गुलाल एसीच्या जाळीत जातो आणि पुढचे काही दिवस डॅशबोर्ड गुलाबी होत राहतो. दसऱ्याच्या पूजेतली हळद सीटवर सांडली तर साबण लावू नका, अल्कधर्मी साबणाने ती लाल होते. सौम्य क्लीनरने टिपा. उरलेला पिवळेपणा उन्हाने फिकट होतो.

धुलाई केंद्रावर शेवटी डॅशबोर्डला चोपडतात ते सिलिकॉनचे चकचकीत पॉलिश नको म्हणून सांगा. समोरच्या काचेत प्रतिबिंब पडते, आणि स्टिअरिंगला किंवा पेडलला लागले तर हातपाय सटकतात. सीट झाकायच्याच असतील तर सीटच्या कडेला एअरबॅग आहे का ते आधी पाहा. तिथे 'एअरबॅग' लिहिलेली छोटी पट्टी असते. ती झाकणारे, जाड शिवणीचे कव्हर एअरबॅगला वेळेत उघडू देत नाही.

विक्रेत्यांना एक सूचना. गाडीच्या कागदपत्रांत 'प्रीमियम लेदर फिनिश' असे गुळमुळीत न लिहिता कोणता भाग चामड्याचा, कोणता पीयूचा, कोणता पीव्हीसीचा ते स्पष्ट लिहावे. आपल्या दैनिकानेही घरगुती उपायांची चौकट छापताना पहिली ओळ 'आधी सीट कशाची आहे ते पाहा' अशी द्यावी, ही विनंती.

कळावे,
गाड्यांच्या आतल्या सफाईचे काम करणारे काही कारागीर, ठाणे