ऑफर देण्याआधी

हॅरो, लंडन
१२ ऑक्टोबर

ती. बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

घर आवडले आहे तर ऑफर द्यायला एवढा उशीर का, असे बाबांनी रविवारी फोनवर विचारले. त्या वेळी मला नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

घर १९३०च्या दशकातले असून एका बाजूची भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे. झोपण्याच्या तिन्ही खोल्या आणि बाथरूम वरच्या मजल्यावर आहेत. आईचे गुडघे पाहता, तुम्ही सहा महिन्यांच्या व्हिसावर याल तेव्हा तिने दिवसातून चार वेळा तो चढा जिना चढावा, हे मला मान्य नाही. खाली एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम वाढवता येईल का, याचे उत्तर मिळेपर्यंत मी आकडा सांगणार नाही.

एजंट म्हणतो की मागे भरपूर जागा आहे, आणि ती वाढीव खोली जणू बांधून तयार असल्यासारखी किंमत सांगतो. साताऱ्याचे घर घेताना विकणाऱ्याने गच्चीवर सोडलेल्या कॉलमच्या सळया दाखवून दुसऱ्या मजल्याचे पैसे आपल्याकडून घेतले होते, आणि पाया एकाच मजल्याचा असल्याचे नंतर कळले. त्या सळया गंजत गेलेल्या मी लहानपणी रोज पाहिल्या आहेत.

इथल्या नियमानुसार अशा घराच्या मागे, वेगळी परवानगी न काढता, एकमजली बांधकाम मूळ मागच्या भिंतीपासून ३ मीटरपर्यंत नेता येते. खरी मेख ‘मूळ’ या शब्दात आहे. १ जुलै १९४८ रोजी घर जसे उभे होते, ते मूळ. या घरामागे जेवणाची खोली नंतर कोणीतरी वाढवलेली आहे, आणि मी टेपने मोजली तेव्हा ती २.४ मीटर भरली. म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम ६० सेंटीमीटर उरतात. कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, पूर्वमान्यता घेतल्यास ६ मीटरपर्यंत जाता येते, पण त्यासाठी शेजाऱ्यांना कळवले जाते आणि त्यांनी हरकत घेतल्यास कौन्सिल नकार देऊ शकते. सामाईक भिंतीपलीकडे एक वृद्ध बाई एकट्या राहतात आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला आहे. त्यांचा उजेड अडवून तुमची खोली बांधावी, असे मला मनापासून वाटत नाही.

म्हणून माझे लक्ष दुसऱ्या बाजूच्या गॅरेजकडे आहे. बाजूला वाढवायचे तर रुंदी मूळ घराच्या निम्म्याहून जास्त चालत नाही, घर ६.२ मीटर रुंद आहे आणि गॅरेज २.६, तेव्हा हे बसते. मात्र गॅरेजच्या मागेच मॅनहोलचे झाकण आहे. ती गटाराची वाहिनी इतर घरांचीही असेल, तर तिच्यावर किंवा तिच्या ३ मीटरच्या आत बांधायला पाणी कंपनीची संमती लागते. शिवाय या भागातली चिकणमाती उन्हाळ्यात आकसते आणि कुंपणाला लागून मोठा ओक आहे, त्यामुळे पाया बराच खोल न्यावा लागेल. तेवढी खोल खोदाई शेजारच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत येत असेल, तर १९९६च्या सामाईक भिंतींच्या कायद्याप्रमाणे तिकडच्या शेजाऱ्यांना महिनाभर आधी नोटीस द्यावी लागेल.

शनिवारी एक आर्किटेक्ट जागा पाहायला येणार आहेत, आणि मालकीच्या कागदांत बांधकामाला बंदी घालणारी जुनी अट आहे का, हे मी वकिलांना तपासायला सांगितले आहे. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत, म्हणजे व्यवहार बंधनकारक होईपर्यंत, ऑफर मागे घेता येते, हे खरे आहे. तरीही शब्द देऊन फिरवणे तुम्ही आम्हाला शिकवले नाही. ऑफर देईन ती आज उभ्या असलेल्या घराची, त्याच्या भोवतीच्या शक्यतेची नव्हे.

बाबा, एक काम करा. आईच्या पलंगाभोवती वॉकर वळवायला किती जागा लागते आणि आपल्या न्हाणीघराचे दार किती रुंद आहे, ते सेंटीमीटरमध्ये मोजून शुक्रवारच्या आत कळवा. २.६ मीटरमधून दोन्ही भिंतींची जाडी वजा जाईल, आणि उरलेल्या रुंदीत आईला त्रास न होता वावरता येते का, हे मला आर्किटेक्टना विचारायचे आहे.

तुमची,
मंजू