वैतागून सेल काढू नकोस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

नव्या घरासाठी कोणता स्मोक डिटेक्टर, म्हणजे धूर ओळखून भोंगा वाजवणारं यंत्र, घेऊ, असं तू विचारलंस. ते सांगतेच, पण आधी तो कुठे लावणार हे ठरव. चुकीच्या जागी लावलेलं चांगलं यंत्रसुद्धा उगाच कोकलत राहतं. मग माणूस वैतागून सेल काढतो आणि छतावर उरते नुसती प्लास्टिकची डबी.

झोपायच्या प्रत्येक खोलीत एक, खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये एक, आणि वर मजला असेल तर तिथेही एक. धुराच्या वासाने जाग येईल या भरवशावर राहू नकोस. झोपेत नाक फारसं कामाला येत नाही, कान येतो. धूर वर चढतो, म्हणून जागा छतावर, शक्यतो मधोमध. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात हवा कोंडलेली असते, तिथे धूर उशिरा शिरतो. तेव्हा भिंतीपासून किमान 10 सेंटीमीटर सोड. भिंतीवरच लावावा लागला, तर छताखाली 10 ते 30 सेंटीमीटरच्या पट्ट्यात. पंख्याची पाती, एसीचा झोत आणि बाथरूमचं दार यांपासून मीटरभर तरी लांब. झोत धूर बाजूला ढकलतो, आणि वाफ म्हणजे धूरच असं यंत्राला वाटतं. शेगडीपासून 3 मीटर. स्वयंपाकघरात हवाच असेल तर हीट डिटेक्टर लाव, तो धूर नाही, उष्णता ओळखतो. झोपायच्या खोलीत मात्र तो नको, फार उशिरा वाजतो.

आता प्रकार. मुख्य दोन, आयनायझेशन आणि फोटोइलेक्ट्रिक. आयनायझेशनच्या यंत्रात अमेरिसियम 241 या किरणोत्सारी पदार्थाचा अगदी सूक्ष्म अंश असतो. भडकलेली आग ते पटकन टिपतं, पण शेगडीजवळ उगाच वाजण्याची खोडही त्यालाच जास्त. फोटोइलेक्ट्रिकमध्ये आतला प्रकाशकिरण धुराच्या कणांवर आपटून विखुरतो आणि त्यावरून यंत्राला कळतं. गादी किंवा सोफा तासन्‌तास धुमसतो, ती आग हे आधी पकडतं. एकच घ्यायचं तर फोटोइलेक्ट्रिक घे. शक्य असेल तर एकमेकांना जोडलेले घे, म्हणजे एक वाजला की सगळे वाजतात. दार लावून झोपणाऱ्यांना त्याचाच आधार. खोक्यावर ईएन 14604 (युरोपचं मानक) किंवा यूएल 217 (अमेरिकेचं) ही खूण बघ. ती नसेल तर स्वस्त असला तरी नको.

महिन्यातून एकदा टेस्टचं बटण आवाज येईपर्यंत दाबून धर. त्याने सेल, सर्किट आणि भोंगा चालू आहेत एवढं कळतं, धूर आत शिरतोय की नाही ते बहुधा कळत नाही. त्यासाठी चाचणीचा खास स्प्रे मिळतो. काडी पेटवून खाली धरू नकोस, काजळी आत बसते. दर सहा महिन्यांनी व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने जाळीवरून फिरव. धूळ आणि बारीक किडे आत शिरले की यंत्र विनाकारण वाजतं. पाण्याने पुसू नकोस, त्यावर रंग तर अजिबात लावू नकोस. रंगकामात झाकलंस, तर काम संपताच झाकण काढ. हे विसरणारे फार.

मिनिटाभराने एकदा ‘चिक’ असा आवाज आला, तर बहुधा सेल उतरलाय. असं नेमकं पहाटे का होतं? गारव्याने सेलचं व्होल्टेज आणखी घसरतं म्हणून. नऊ व्होल्टचा सेल वर्षातून एकदा बदल, नवा साधाच घाल, चार्जिंगचा नको. सीलबंद लिथियमवाल्यात सेल बदलत नाहीत. दहा वर्षांनी पूर्ण यंत्रच टाकायचं. खरं तर ही दहा वर्षं सगळ्यांनाच लागू, आणि ती विकत घेतल्यापासून नाही, बनवल्यापासून मोजायची. तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. छतावर चढवण्याआधी तिचा फोटो काढ आणि मलाही पाठव.

तुझी
आई