आठवण की प्रतिहल्ल्याची भीती?

‘युद्धस्मृतींचा धाक’ हा अग्रलेख (ताज्या अंकातील) वाचला. जुन्या युद्धांची आठवण सैन्यांना आवर घालते, हे म्हणणे अर्धेच पटले. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर जर्मनीने क्लोरीन हा विषारी वायू सोडला. त्या युद्धातील अशा भीषण अनुभवांतून युद्धात विषारी वायू वापरण्यास मनाई करणारा १९२५ चा जीनिव्हा करार झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या रणांगणांवर विषारी वायू जवळपास वापरला गेलाच नाही. पण त्याच करारात सामील असलेल्या इटलीने १९३५-३६ मध्ये इथिओपियावर मस्टर्ड वायू विमानांतून फवारला. जपाननेही चीनमध्ये रासायनिक अस्त्रे वापरली. पहिल्या महायुद्धाचा विसर दोघांनाही पडला नव्हता. समोरचा तसेच उत्तर देऊ शकणार नाही, एवढे मात्र ठाऊक होते. संयमाचे सारे श्रेय स्मृतीला देणाऱ्या अग्रलेखात प्रतिहल्ल्याच्या या भीतीचा उल्लेखही नसावा, हे खटकले.

– एक नियमित वाचक