उद्घाटन छापलंत, आता किल्लीचंही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समाजासाठी धडपडणाऱ्या आपल्या भागातल्या तरुणांवर रविवारच्या पुरवणीत पानभर मजकूर वाचला. ऊर भरून आला. डावीकडच्या फोटोतली संस्था आमच्याच गावची. ती माझ्याच घरात आहे. म्हणजे तिचं कुलूप आहे.

दोन वर्षांखाली पाच-सहा पोरं आली. "गुरुजी, गावात अभ्यासिका काढायची. जागा नाही." वर्गात माझ्या हाताखालून गेलेली लेकरं, नाही कसं म्हणणार? ढेळजेला, म्हणजे वाड्याच्या दारातल्या ओसरीला, लागून वडिलांच्या वेळची खोली आहे, तिथं आमचं धान्य असायचं. पोती बाहेर काढून खोली रिकामी करून दिली. भाडं नाही, कागद नाही. संस्थेच्या नोंदणीला सात माणसं लागतात, सातवा भरायला माझा पुतण्या घेतला. २६ जानेवारीला उद्घाटन झालं. फीत धरायला अकराजण होते, फोटो तेव्हाही आपणच छापला होता.

पुस्तकं आली तेव्हा मी जातीनं मोजली. दोनशे बारा. त्यात दहावीची जुनी अपेक्षित प्रश्नसंचं, कुणाची तरी अर्धी सोडवलेली व्यवसायमाला आणि इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचे सहा ग्रंथ. बोर्ड मात्र कपाटापेक्षा मोठा. तरी चार महिने पोरं बसायची, हे नाकारत नाही. एका मुलीची तर पोलीस भरतीची लेखी तिथंच बसून निघाली. पुढं अध्यक्ष एमपीएससीसाठी पुण्याला गेले, सचिव चाकणला कंपनीत लागले. किल्ली अध्यक्षांच्या खिशात. फोन केला की, "काका, कमिटीची मीटिंग घेऊन सांगतो." शाळेत गुरुजी होतो, आता काका झालो. कुलूप तोडावं म्हटलं तर औशाचे वकील म्हणतात, आतलं सामान संस्थेचं आहे, हात लावू नका. घर माझं, आणि हात लावायचा नाही!

यंदा सोयाबीन ढेळजेत ताडपत्रीखाली ठेवलं. परतीच्या पावसानं खालची थप्पी भिजली. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला म्हणून पोती परत. हमीभाव क्विंटलला ५३२८ होता, आडतीवर पदरात पडले चार हजारांच्या आतबाहेर. समाजसेवेत माझा वाटा तो एवढा. आपल्या पानात तो आला नाही.

आजची पोरं वाईट असं मला म्हणायचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्हीही पोरंच होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. आम्ही टेम्पोभर भाकरी गोळा करून नेल्या. वर पाऊस. निम्म्या भाकरी टेम्पोतच बुरसल्या. रस्त्याच्या कडेला लोकांनी टाकलेल्या कपड्यांचे ढीग चिखलात पडलेले. माळवदाच्या मातीखाली माणसं गाडलेली, आणि एक म्हातारा आम्हाला विचारतो, "फावडं आणलंय का?" फावडं आणलं नव्हतं. फोटो मात्र आम्हीही काढून घेतला होता, अजून माझ्याकडे आहे.

आपल्या वार्ताहरांना विनंती एवढीच, की पानभर लिहायच्या आधी एकदा दार वाजवून बघत जा. सुरू झालेल्या संस्था मोजायला सोप्या असतात. त्यातल्या किती धर्मादाय कार्यालयात दरसाल हिशेब देतात, हे विचारलं असतं तर पानाचं अर्धं पान झालं असतं. उरलेल्या जागेत आमच्या सकाळच्या एसटीबद्दलचं माझं मागचं पत्र पूर्ण मावलं असतं. ते आपण नेमकं मधूनच कापलंत, त्यामुळं गाडी बंद झाली म्हणून मी आभार मानतोय असा अर्थ निघाला. गावात अजून चेष्टा होते.

असो. अध्यक्ष आपला अंक मोबाईलवर वाचतात, रविवारचं पान तर त्यांनी स्टेटसला ठेवलं होतं. माझा फोन उचलत नाहीत, पण हे पत्र त्यांच्या नजरेला नक्की पडेल. तूर महिन्याभरात घरात येईल. तेवढी किल्ली पुतण्याजवळ पाठवा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. औसा
(नाव छापू नये. पुतण्या अजून कमिटीत आहे.)