धूर येतो, पण विस्तव पडत नाही

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतची भुशाची पुडी, दोन्ही मिळालं. शिबिरातल्या मुलांना शिकवायचं म्हणून धनुकलीच्या दोरीने मंथा (उभा दांडा) फळीवर घुसळतोस, धूर येतो, पण विस्तव पडत नाही, असं लिहिलंयस. पुडी पाठवलीस हे फार बरं केलंस, कारण पत्रातल्या चार पानांपेक्षा त्या चिमूटभर भुशानेच जास्त सांगितलं. रंग चहाच्या पावडरीपेक्षा फिका, तांबूस, बोटांत चोळला तर मऊ आणि फुगीर. म्हणजे हा भुसा जळालेला नाही, नुसता भाजला गेलाय. लाकडाचा बारीक भुसा साधारण 400 अंश सेल्सियसच्या आसपास गेला की आपणहून धुमसायला लागतो. धूर मात्र त्याच्या कितीतरी आधी, दोन-अडीचशे अंशांपासूनच सुटतो. तेव्हा धूर दिसला की काम झालं असं समजू नकोस. तो नुसता निरोप आहे.

भुसा फिका पडतो तो वरून दाब कमी असल्यामुळे किंवा फिरकी हळू असल्यामुळे. तो जाड, दोऱ्या-दोऱ्यांसारखा निघाला तर उलट: दाब जास्त, वेग कमी, किंवा लाकडात ओल. हवा तो भुसा काळपट तपकिरी, मेंदीच्या वाळक्या पुडीइतका बारीक. आणि भुसा निघायचाच थांबला, भोक आतून चकचकीत काळं झालं, किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला, तर लाकडाला पॉलिश चढलंय. भोक चाकूने खरवड, मंथ्याचं टोक खरखरीत कर, चिमूटभर बारीक वाळू टाक आणि पुन्हा सुरू कर.

आता मापं. मंथा अंगठ्याएवढा जाड (2 सेंटिमीटर), एक वीतभर लांब, अगदी सरळ. खालचं टोक बोथट, वरचं निमुळतं. फळी दीड-दोन सेंटिमीटर जाड. धनुकली दोन-अडीच वीत, किंचितच वाकलेली. दोरीचा मंथ्याला एक वेढा बसेल एवढाच ढील. सुतळी झिजून तुटते, नायलॉन तापून वितळतो. काथ्याची किंवा पिळाची जाड सुती दोरी घे. वरून दाबायला करवंटीचा तुकडा झकास, तिच्या खोलगट बाजूत मंथ्याचं निमुळतं टोक छान बसतं. तिथे ओला साबण किंवा मेण लाव. मात्र तो हात खालच्या टोकाला लागू देऊ नकोस, साबण लागलेलं टोक नुसतं गुळगुळीत होत जातं.

तुझ्या चित्रात खाच दिसत नाही, आणि खरं दुखणं तिथेच असावं. आधी मंथा फिरवून फळीवर जळकं वर्तुळ उमटव, कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर. मग फळीच्या कडेतून त्या वर्तुळात खाच काप. वर्तुळ म्हणजे भाकरी धरलीस तर चतकोराच्या निम्मी. टोक मध्यबिंदूच्या अगदी अलीकडे थांबलं पाहिजे. ही खाच नसली तर भुसा भोकाभोवती पसरून थंड होतो. तो एका जागी, गरम असतानाच, ढिगासारखा साचला तरच त्यातून इंगळ (धुमसता निखारा) तयार होतो. खाचेखाली वाळकं पान किंवा पातळ ढलपी ठेव, म्हणजे इंगळ उचलता येईल.

बसायचं असं: डावा पाय फळीवर, उजवा गुडघा जमिनीवर, करवंटी धरलेल्या हाताचं मनगट डाव्या नडगीला घट्ट टेकवलेलं. ते मनगट सुटलं की मंथा डुलतो आणि उडून जातो. धनुकली जमिनीला समांतर, आणि प्रत्येक वेळी पूर्ण लांबीची ओढ. आधी सावकाश, मध्यम दाबाने, खाच भरेपर्यंत. ती भरली की दाब आणि वेग दोन्ही वाढव आणि आणखी वीस-तीस ओढी घे. सगळे चुकतात ते दम लागला म्हणून नेमकं इथेच थांबून. थांबल्यावर भुशाचा ढीग स्वतःहून धूर सोडत राहिला तर इंगळ पडला. मंथा अलगद उचल, ढिगाला हलवू नकोस, तोंडाने फुंकरही नको. श्वासात ओल असते आणि भुसा उडतो. हाताने वारा घाल. अर्धा-एक मिनिट तसाच ठेवलास की तो ढीग आपसूक एकजीव होतो.

लाकूड कोणतं, असं विचारलंयस. नखाने दाबलं तर वण उमटेल इतकं मऊ, पण चुरगळणार नाही असं. पांगारा, सावर, एरंडाचा पक्का वाळलेला दांडा, रुईचा जुना सुका सोट. घायपाताचा (तुमच्याकडे केकताड) फुलोऱ्याचा वाळका दांडा तर नुसत्या तळव्यांत फिरवायलाही चांगला. साग नको, तेलकट असल्यामुळे लगेच चकाकतो. बाभूळ, खैर नकोत, फार टणक. बिब्बा आणि कण्हेर मुलांच्या हाती अजिबात देऊ नकोस: बिब्ब्याचा धूर अंगावर फोड आणतो, कण्हेर विषारी. रुईही ओली असताना तोडू नकोस, चीक डोळ्यांत गेला तर आफत.

आणि तुझी जागा कोकणपट्टीवरची आहे, हे विसरू नकोस. हवेत 80 टक्के आर्द्रता असली तर लाकडातली ओल साधारण 16 टक्क्यांवर येऊन थांबते. हवा 35 टक्क्यांपर्यंत कोरडी झाली तर सात टक्क्यांच्या आसपास. म्हणून देशावर फेब्रुवारीत मिनिटाभरात पेटणारा संच ऑगस्टमध्ये चिपळूणला तासभर घासूनही पेटत नाही. दोष हाताचा नसतो. संच चुलीवरच्या माळ्यावर महिनाभर ठेव, आणि वापरायच्या दिवशी बंद डब्यात घालून ने.

एक गंमत सांगतो. यज्ञातली अरणी म्हणजे हेच यंत्र, फक्त दोघांनी चालवायचं. खाली अधरारणी, मध्ये उभं चात्र, वरून दाबायला ओविली, गुंडाळून ओढायला नेत्र नावाची दोरी. एक दाबतो, दुसरा दोरी ओढतो. चात्राच्या खालच्या टोकात उत्तरारणीचा छोटासा तुकडा बसवतात. झिजणारा भाग तेवढाच, झिजला की तो बदलायचा, बाकी सगळं तसंच राहतं. लाकूड शमीवर उगवलेल्या पिंपळाचं. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडळातलं 29 वं सूक्त या घुसळणीवरच आहे, आणि 1975 साली केरळात पांजाळला जे मोठं अग्निचयन (वेदी रचून करायचा वैदिक यज्ञ) झालं, त्यातला अग्नीही असाच काढला होता. तुझ्याकडे दोन-दोन मुलांच्या जोड्या करता येतील. दाबणं आणि ओढणं वेगळं झालं की दहा-बारा वर्षांच्या पोरांनाही जमतं. एकट्याच्या धनुकलीत नेमकी तीच अडचण असते.

तरी माझं मत विचारशील तर शिबिरात चकमक शिकव. घर्षणाने विस्तव पाडणं ही कसरत आहे. आपल्या मुलखाची खरी रीत चकमक. चंचीत पानसुपारीशेजारी लोखंडाचा एक वाकडा तुकडा, एक गारगोटी आणि थोडा जळका कापूस असायचा, एवढ्यावर चिलीम पेटायची.

पण आधी एक गैरसमज काढ. दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्या की अंधारात जो उजेड दिसतो, तो थंड असतो. त्याने काहीही पेटत नाही. चकमकीत जळतं ते लोखंड. दगडाची धारदार कड पोलादाचा बारीक कीस काढते, तो कीस घासल्याने तापतो आणि हवेत पेटतो. म्हणून दगड पोलादापेक्षा कठीण हवा, कड ताजी हवी, आणि पोलाद जास्त कर्बाचं, पाणी दिलेलं हवं. स्टेनलेस स्टील चालत नाही, साधी लोखंडी पट्टीही नाही. सगळ्यात सोपं म्हणजे जुनी झिजलेली कानस. बोटभर तुकडा घे, एका बाजूचे दात सहाणेवर घासून सपाट कर. चाकावर घासणार असशील तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडव. निळी झाक आली म्हणजे पाणी उतरलं, मग लोहाराकडून लालबुंद तापवून पुन्हा विझवून घ्यावं लागेल. लाल तुकड्याला चुंबक चिकटायचं थांबलं की ताप पुरेसा झाला, अशी खूण.

दगडाच्या बाबतीत आपण नशीबवान. आपल्या काळ्या कातळात पोकळ्या आहेत आणि त्यांत अकीक, गारगोटी, तांबडा सूर्यकांत (जॅस्पर) भरलेले असतात. कातळ झिजला की हेच दगड नदीच्या पात्रात येतात. भीमा, घोड, गोदावरी यांच्या वाळवंटात हवे तेवढे. घोड नदीकाठी इनामगावच्या उत्खननात निघालेली इवलीशी पाती याच जातीच्या दगडाची. पण त्याच पोकळ्यांत जे देखणे पांढरे-हिरवट स्फटिक असतात, ज्यांना पर्यटक भुलतात, ते घेऊ नकोस. ते बहुतेक झिओलाइट वर्गातले, चाकूने ओरखडा पडण्याइतके मऊ, पोलादावर काहीच करत नाहीत. परीक्षा सोपी: दगडाने काचेवर ओरखडा काढ आणि मग चाकूच्या टोकाने दगडावर. काचेवर पडला आणि दगडावर नाही, तर दगड कामाचा. फोडताना चष्मा घाल. शिकवताना मुलांनाही लाव. फुटलेली कपची ब्लेडसारखी कापते.

ठिणगी पाडायला मुलाला पंधरा मिनिटं लागतात. ती झेलायला काय ठेवतोस, यावर सगळं अवलंबून. वाळकं गवत, कागद, साधा कापूस, यांपैकी काहीही त्या ठिणगीने पेटत नाही. तिच्यातली उष्णता अगदी थोडी असते. तिला आधीच कोळसा झालेली वस्तू हवी. मांजरपाट किंवा जुन्या धोतराचा तुकडा घे (शंभर टक्के सुती, पॉलिस्टर मिसळलेला नाही, तो वितळून चिकटतो). दोन-दोन इंचांचे तुकडे बुटपॉलिशच्या रिकाम्या, स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डबीत सैलसर भर, झाकणाला खिळ्याने एकच बारीक भोक पाड आणि डबी निखाऱ्यांवर ठेव. भोकातून पांढरा धूर येतो. तो थांबला, की (दहा-पंधरा मिनिटं धर) डबी काढ, भोकात काडी खुपस आणि पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नकोस. घाईने उघडलीस तर हवा शिरून सगळं डोळ्यांदेखत राख होईल. कापड काळंभोर, पण उचलता येईल इतकं धड हवं. तपकिरी राहिलं तर कच्चं, परत ठेव. सावरीच्या कापसाचंही असंच करतात, तो ठिणगी लवकर धरतो पण वाऱ्याने लवकर उडतो. कोकणच्या हवेत हे कापड ओल पटकन धरतं, तेव्हा डबीवर चिकटपट्टी लाव.

आता दगडाची कड पुढे काढून धर, वर काळं कापड कडेपासून दोन मिलिमीटर मागे ठेवून अंगठ्याने दाब. कानस वरून खाली, तिरकी घासत आण. आपटायचं नाही. दगडाच्या कडेने लोखंडाची साल काढतोयस असं समज. ठिणग्या वर उडतात, त्यातली एखादी कापडात शिरते, तांबडा ठिपका दिसतो आणि तो पसरत जातो. वारा आला तरी विझत नाही. वीस घावांत ठिणगी दिसली नाही तर कड बोथट झालीये, नवीन कपची काढ.

इंगळ असो वा तांबडं कापड, पुढचं काम एकच. नारळाच्या सोडणाची किशी, वाळकं कुसळी गवत, केळीचा सुका सोप, सगळं हातात चुरून सुगरणीच्या खोप्यासारखं गोल कर. बारीक आत, जाड बाहेर. मध्ये विस्तव ठेव, हलकेच मिटव, तोंडाच्या वर धर म्हणजे धूर डोळ्यांत जाणार नाही. फुंकर लांब आणि हळुवार. धूर पिवळट-पांढरा आणि दाट झाला की ज्वाळा येते. तोपर्यंत काटक्या तयार हव्यात: काडेपेटीच्या काडीएवढ्या, पेन्सिलीएवढ्या, अंगठ्याएवढ्या, तीन वेगळे ढीग. झाडावरच वाळलेल्या घे, जमिनीवरच्या ओल धरतात. मोडताना कट् आवाज आला पाहिजे. तुराट्या, पऱ्हाट्या मिळाल्या तर उत्तम.

बाकीच्या युक्त्या थोडक्यात. भिंगाने जानेवारीच्या उन्हात गोवरीच्या चुऱ्यावर किंवा काळ्या कापडावर इंगळ सहज पडतो. जवळचं न दिसणाऱ्यांचा चष्मा थोडाफार चालतो, लांबचं न दिसणाऱ्यांचा अजिबात नाही, तो उजेड पसरवतो. 9 व्होल्टची बॅटरी आणि हार्डवेअरच्या दुकानातली बारीक राखाडी लोखंडी लोकर, एका सेकंदात पेटते. भांडी घासायची चकचकीत घासणी नको. बॅटरी आणि लोकर एका पिशवीत ठेवू नकोस.

मुलांना हेही सांग की रोज कोणी चकमक झाडत बसत नसे. रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकायचा, सकाळी राख सारून गोवरीचा तुकडा लावायचा. आपला विझला तर शेजारणीकडून मागून आणायचा. दोन घरांत विस्तवही जात नाही म्हणजे वैर कुठवर गेलंय, ते त्यावरून कळतं. राखेत गाडलेल्या गोवरीचा निखारा रात्रभर टिकतो का, हा प्रयोग त्यांना करायला दे. पेटवण्यापेक्षा त्यात ती जास्त रमतील.

जागा शाळेच्या मैदानावरच ठेव. राखीव वनात आग पेटवणं 1927 च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि जानेवारीनंतर डोंगरातलं गवत इतकं वाळतं की एका ठिणगीत वणवा लागतो. चहूबाजूंनी दोन मीटर गवत खरडून काढ, दोन बादल्या पाणी जवळ ठेव. शेवटी राखेत पाणी ओत, काठीने ढवळ, पुन्हा ओत, आणि हाताची पालथी बाजू वरून फिरवून बघ. ऊब लागली तर अजून विझलेलं नाही.

नवा भुसा निघाला की पुडी पाठव. सोबत फळीचा तो खाच कापलेला तुकडाही पाठवशील तर जास्त बरं.

तुझा,
बाळू