टीपी (बांबूचा वाहतूक परवाना) ग्रामसभेची, मग गाडी अडते कशी?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. उन्हाळा लागला की पेपरात वणव्याच्या बातम्या सुरू होतात आणि बहुतेक वेळा बोट मोहफुलं वेचणाऱ्या बायांकडंच जातं. झाडाखाली फूल दिसावं म्हणून पाला जाळतात हे खरंय, ते चूकच आहे, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून पण आग लावली जाते. पण मी धानोरा तालुक्यातला माणूस, मी हे पण बघितलंय की जिथं जंगल गावाच्या ताब्यात आलं तिथं बायाच मोहाखालचा पाला झाडून घेतात आणि धूर दिसला की पोरं रात्री डहाळ्या तोडून आगीकडं पळतात, कारण जळतोय तो बांबू आता आपला आहे.

राज्याच्या जमिनीचा जवळपास पाचवा हिस्सा, ६० हजार चौरस किलोमीटरच्या वर, वनखात्याच्या नोंदीत आहे, आमचा तर कागदोपत्री पाऊण जिल्हाच जंगल. एवढं सगळं एकटं खातं सांभाळणार कसं? वनरक्षकांबद्दल माझी तक्रार अजिबात नाही, वाघाच्या जंगलात काठी घेऊन अख्खं बीट (नेमून दिलेला जंगलाचा भाग) फिरायचं हे सोपं काम नाही. तक्रार कारभाराच्या पद्धतीबद्दल आहे. १० वर्षांची कार्य आयोजना (जंगलात कुठं काय करायचं याचा आराखडा) वरून येते, कूप म्हणजे तोडीचा पट्टा कुठं पाडायचा ते वरून ठरतं, १९७४ साली वनविकास महामंडळ आलं आणि कित्येक ठिकाणी मिश्र जंगल तोडून सागवान लावलं गेलं, त्यात मोह गेला, चारोळी गेली, तेंदू गेला, नुसत्या सागाखाली बाईनं वेचायचं तरी काय?

मेंढा-लेखा आमच्याच तालुक्यात. तिथल्या ग्रामसभेला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे अख्ख्या गावानं मिळून जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क, मिळाला, पण बांबू विकायला निघाले तर खातं वाहतूक परवानाच देईना, कारण १९२७ च्या वन कायद्यात तेव्हा बांबू म्हणजे झाड होतं, ते २०१७ साली बदललं. अन् २००६ च्या वनहक्क कायद्यात तर तो गौण वनोपज, म्हणजे गावानं गोळा करून विकायचा माल, म्हणून तेव्हाही स्पष्ट लिहिलेला होता! शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा टीपी बुक ग्रामसभेच्या हातात पडलं. पुढं २०१२ साली नियमच बदलले, टीपी ग्रामसभेच्या समितीनं द्यायची असं त्यात आलं.

तरी गेल्या हंगामात आमच्या ओळखीच्या एका गावची बांबूची गाडी वनखात्याच्या एका नाक्यावर दिवसभर उभी होती, साहेबांची सही नाही म्हणून. लोकांनी ग्रामसभेचा शिक्का दाखवला, नियमाची झेरॉक्स दाखवली, काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी गाडी सुटली पण ठेकेदार बिचकला आणि पुढच्या खेपेला त्यानं भाव पाडून मागितला, आणि तो तोटा बसला बांबू तोडणाऱ्या माणसांना, ज्यांनी वर्षभर तेच जंगल राखलं होतं. मला त्या दिवसाचं फार वाईट वाटलं.

माझं म्हणणं एवढंच की वनहक्क मिळालेल्या गावांची यादी नकाशासकट प्रत्येक नाक्यावर लावावी, ग्रामसभेची टीपी चालते हे नाक्यांना लेखी कळवावं आणि नवी कार्य आयोजना करताना त्या गावांच्या जंगलाचं काय करायचं हे आधी ग्रामसभेत बसून विचारावं. खातं नको असं कुणीच म्हणत नाही, रोपं, मोजणी, जाळरेषा (आग अडवायला साफ केलेले पट्टे) यात त्यांची मदत लागणारच आहे आणि गावातली पोरं त्यांच्याकडून शिकायला तयार आहेत. पावसाळा संपला की बांबूची तोड सुरू होते, त्याआधी नाक्यांना कागद पोचला तर यंदा तरी गाडी अडणार नाही.

आपला एक वाचक,
ता. धानोरा, जि. गडचिरोली